येरळा लाल आणि मिठाचा हात

५ मार्च, बुधवार

तांबडा रस्सा आणि लाल वाईन यांचं जमत नाही. आज सिद्ध झालं — माझ्याच जिभेवर!

दुपारची गर्दी ओसरल्यावर राजवर्धन भावजी खोकं घेऊन आले. धैर्यशीलचे शाळेपासूनचे मित्र. (नवऱ्याला समोर 'अहो', वहीत धैर्यशील. वही माझी आहे.) भावजींची पलूसकडं द्राक्षं. बेदाणा करून करून कंटाळले आणि वाईनच्या मागं लागले. पहिली दोन वर्षं जे निघालं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं, असं तेच सांगतात. यंदाची मात्र बाटलीत भरली आणि वर नदीचं नाव छापलं — येरळा लाल. म्हणाले, "वहिनी, ही मटणाबरोबर कशी जाती, ते तुमीच सांगायचं."

खानावळीत बाटली उघडायची सोय नाही. एक म्हणजे परवाना नाही, दुसरं म्हणजे आण्णा आहेत. सासरे. म्हणून वर घरात गेलो. बूच काढायचं यंत्र कुणाकडंच नव्हतं. धैर्यशीलनं एक स्क्रू पिळला, पक्कड लावली, आणि अर्धं बूच आत पडलं. वाईन चहाच्या गाळणीनं गाळून स्टीलच्या पेल्यात घेतली. भावजींनी डोळे मिटून घेतले, बिचाऱ्यांनी.

एक घोट वाईन, एक चमचा रस्सा, परत घोट. तोंडात जाळ! तिखट दुप्पट झालं आणि वाईन गंजलेल्या खिळ्यासारखी लागली. भावजींचा चेहरा एवढासा झाला. अठ्ठावीस तारखेला पुणं आणि बेंगलोरचे हॉटेलवाले त्यांच्या कसबा बावड्याच्या घरी येणार आहेत. त्यांना आमच्या हातचं मटण आणि भावजींची वाईन, असा बेत. जमलं तर वाईन मोठ्या शहरात जाणार, नाही जमलं तर भावजी परत बेदाण्यावर.

करते म्हटलं. विचार नंतर केला, नेहमीसारखाच.

६ मार्च, गुरुवार

उरलेली वाईन घरातल्या गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली. बूच नाही, म्हणून तोंडात फडक्याचा बोळा. टाकवत नाही.

९ मार्च, रविवार

रविवार म्हणजे लढाई. राजारामपुरीतले सगळे क्लासवाले, दवाखानेवाले, दुकानदार एकाच वेळी भुकेले होतात.

रस्सा उकळला की आण्णा वरून खाली येतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, मग डब्यातलं मीठ स्वतः टाकायचं. सतरा वर्षं मी या चुलीवर मटण शिजवतेय. मसाला माझा, खोबरं किती भाजायचं ते मी ठरवते. पण मीठ आण्णांचं. सासूबाई होत्या तोवर त्यांनाही डब्याला हात लावू दिला नाही म्हणे. गिऱ्हाईकं जाताना सांगून जातात, आण्णांच्या मिठाच्या हाताला तोड नाही. मी तिथंच घाम पुसत उभी असते. मला कुणी काही सांगत नाही.

आणि गेल्या वर्षी मोठ्या तापातून उठल्यापासून नवीनच खूळ. थेंब आधी माझ्या तळहातावर! मी चाखायचं, आणि आण्णा माझ्या तोंडाकडं टक लावून बघणार. मी खाली बघितलं तर म्हणतात, "हिकडं बघ." मग स्वतः चाखणार आणि मीठ टाकणार. सुनेची परीक्षा, रोजच्या रोज, वर्षभर. नसरीन माझ्याबरोबर स्वयंपाकघरात असते. तिचे रोजे चालू आहेत, म्हणून ती महिनाभर काहीच चाखत नाही, सुटली. ती म्हणते, तुम्ही घाबरताय का बघत असतील. घाबरते माझी चप्पल.

आज बोललेच. म्हटलं, आण्णा, अठ्ठावीसच्या जेवणाला मीठ मी टाकणार. केरबामामा ताटं घेऊन निघाले होते, ते दारातच थांबले. मामा आमचे वाढपी, माझ्या लग्नाआधीपासूनचे. त्यांनी असलं काही या घरात ऐकलं नव्हतं.

आण्णा पळी धूत होते. धुऊन झाल्यावर म्हणाले, "टाक की. पावण्यांनी ताट पुसून खाल्लं, तर पाडव्यापासनं हितलं मीठ बी तुझंच."

आणि नाही खाल्लं तर?

"मग गप भाकऱ्या थापायच्या."

कबूल. वहीत खोटं कशाला लिहू — मला तो डबा हवाय. पैसे नकोत, गल्ल्यावर बसायचं नाही, पाटीवर नाव नको. मीठ हवंय.

१२ मार्च, बुधवार

आज दुपारी प्रयोग. भावजींनी बूच काढायचं खरं यंत्र आणलं. धैर्यशीलला ते इतकं आवडलं की गरज नसताना दुसरी बाटली उघडली.

पांढरा रस्सा — नारळाच्या दुधापुढं वाईन नुसती आंबट वाटते. वाईट नाही, पण दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, रुसलेल्या जावांसारखं. हिरव्या मिरचीचा खरडा — नाव काढू नये. धैर्यशील मोरीत जाऊन उभा राहिला. सुकं मटण — जमलं! मिरची निम्मी केली, खोबरं जरा जास्त भाजलं, चरबीच्या फोडी ठेवल्या. वाईनचा तुरटपणा चरबीनं पुसला जातो आणि मटण परत पहिल्या घासासारखं लागतं. मी तीन घास खाल्ले आणि मगच आठवलं की हा प्रयोग आहे.

पण खरी गंमत रक्तीची. बकऱ्याचं रक्त गोठवून, उकडून, कांद्यावर परतलेलं — आमच्याकडं पहिल्या पंगतीत संपतं. मिरपूड घालून परतली आणि वर घोट घेतला. रश्श्याबरोबर जी वाईन खिळ्यासारखी लागत होती, तीच इथं गोड झाली. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यानं असेल, पण मी आनंदाचं धरलं.

आणखी एक. वाईन जरा गार हवी. भावजी म्हणाले, पुस्तकात लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्या असं लिहिलंय. म्हटलं, पुस्तकवाल्याची खोली राजारामपुरीत पत्र्याखाली नसणार. बाटली फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी.

१५ मार्च, शनिवार

दूध करपलं. मी गच्चीवर कपडे काढत होते, वास वरपर्यंत आला. धावत खाली आले तर पातेलं काळं, घरभर धूर, आणि आण्णा गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले! म्हटलं, आण्णा, वास तरी आला नाही? म्हणाले, "अग्रलेख वाचत हुतो."

असला कसला अग्रलेख! पातेलं घासता घासता हात दुखले.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. धैर्यशील हिरवा होऊन घरी आला, कान अजून हिरवेच आहेत. माझ्या पिवळ्या साडीवर मात्र येरळा लालचा डाग, आठवड्याचा. काही केल्या निघत नाही. रंग पक्का आहे, असं भावजींना कळवलं.

२२ मार्च, शनिवार

आजऱ्याहून परत. दोन दिवस माहेर! ओले काजू आणायचं निमित्त. आईनं सोलून ठेवले होते, तिची बोटं चिकानं काळी पडली होती तरी ऐकत नाही. तिथंच उसळ केली, तिखट बेताचं, खोबरं ओलं. बरोबर नेलेली बाटली उघडली. आईनं आधी वास घेतला, "औषध हाय व्हय?" म्हणून विचारलं, मग एक घोट घेतला. थोड्या वेळानं म्हणाली की गुण यायला अजून एक डोस लागेल.

काजूची उसळ आणि वाईन — झकास. पहिला पदार्थ ठरला.

आता खरी बातमी. काल शुक्रवारी, मी नसताना, रस्सा खारट झाला! जरासा नव्हे, खारट! केरबामामांनी जिन्यातच गाठून सांगितलं. ताटं अर्धी परत आली, पाण्याचे जग पुरेनात, एका डॉक्टरांनी तर ब्लडप्रेशरचं कारण सांगून उठून हात धुतला. नसरीन रोज्यामुळं चाखत नाही, त्यामुळं वेळेत कुणाला कळलंच नाही. आण्णांनी सगळं नव्या मिठाच्या पुडीवर ढकललं. लई खारट मीठ येतंय म्हणे हल्ली!

मीठ खारट! हसून हसून मेले. तोंडात पदर कोंबून हसले, कारण आण्णा पलीकडच्या खोलीत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा चुकले. आत कुठंतरी वाईटही वाटलं. रात्री जेवले नाहीत ते. पण खरं लिहायचं तर हसू जास्त आलं.

२५ मार्च, मंगळवार

बेत पक्का झाला. आधी ओल्या काजूची उसळ, मग रक्ती, मग सुकं मटण आणि भाकरी. इथवर वाईन. मग पेले उचलायचे, आणि वाईन उठल्यावर तांबडा-पांढरा आणि भात. रश्श्याला सोबत लागत नाही, तो एकटाच पंगत जिंकतो. शेवटी गुळाचा खडा आणि भाजलेले काजू, त्यासोबत हवी तर परत एक घोट.

संध्याकाळी एक नवल झालं. आण्णा स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, बघू तरी तुमचं ते लाल पाणी. आयुष्यात कधी थेंब घेतलेला माणूस नाही! दोन वाट्यांत थोडी थोडी ओतली. मी आधी प्यायले, सवयच आता. तुरट लागली, मग हळूहळू बरी. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, वाटी तोंडाला लावली, आणि म्हणाले, "तुरट हाय. मागनं बरी लागती."

तंतोतंत! मला वाईन समजायला तीन आठवडे आणि किती बाटल्या लागल्या. म्हाताऱ्यानं एका घोटात ओळखली. ही जीभ आहे की काय आहे! अशा माणसाच्या हातून मिठाचा डबा काढून घ्यायला निघालेय मी.

२८ मार्च, शुक्रवार

आज. मीठ वेगळ्या डबीत, पदराला बांधून घेतलंय. बाकी सगळं टेम्पोत.

२९ मार्च, शनिवार

झालं! नीट लिहिते.

आण्णा आले नाहीत. जिथं दारू तिथं मी नाही, म्हणाले — मंगळवारची वाटी जमेला धरलीच नाही. भावजींच्या घरामागं ऊस, वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास. पाहुण्यांतल्या एकानं विचारलं, हा वाईनचाच सुगंध का? भावजी हो म्हणाले. अशी माणसं धंद्यात टिकतात.

सुकं मटण उतरायच्या आधी थेंब तळहातावर घेतला. समोर कुणी नाही. कुणी टक लावून बघत नाही. मोकळं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. मीठ टाकलं, एकदाच. परत चाखलं नाही.

घोटाळा केरबामामांनी केला. भावजींनी त्यांना चारदा समजावलं होतं — पेला एक तृतीयांशच भरायचा, पदार्थ बदलला की थोडी ओतायची. मामांनी मान डोलावली. पण तीस वर्षं आमच्याकडं वाढणारा माणूस तो. आमच्याकडं रश्श्याची वाटी रिकामी दिसली की भरायची, पाहुणा नको म्हणाला की नक्की भरायची. मामांनी तळाला ती एवढीशी वाईन बघितली आणि त्यांना भावजींचीच लाज वाटली. काठोकाठ भरत सुटले! बेंगलोरच्या बाईंनी पेल्यावर हात ठेवला, तर मामा वाकून म्हणाले, "घ्या की पावणं, लाजायचं काम न्हाय. आत लई हाय." आणि बोटांच्या फटीतून ओतली.

आत लई नव्हती. सुक्या मटणाच्या निम्म्यात बाटल्या संपल्या. भावजी खांबाला टेकून उभे, रंग गेलेला. गुळाबरोबरच्या घोटासाठी ठेवलेलीही गेली होती. मी मनात म्हटलं, गेला डबा, थाप आता भाकऱ्या.

पण पाहुणे! आधी इंग्रजीत हळू आवाजात बोलणारी माणसं, मांडी ठोकून गप्पा मारायला लागली. पुण्याचे गृहस्थ भाकरीनं ताट पुसत होते. रस्सा आला, तो वाटीनं प्यायले. बेंगलोरच्या बाई सांगत होत्या की जगभर वाईन प्यायल्या, पण कुणी आग्रह करून, हात बाजूला सारून वाढली नव्हती. वाईन घेतोच आम्ही, पण हे काका पण पाठवा. मग त्यांनी विचारलं, मीठ कुणी टाकलंय. असं कुणी विचारतं का कधी? मला वाटलं चुकलं. त्या म्हणाल्या, इतकं तिखट असून सगळी चव वेगवेगळी कळत होती, ती मिठामुळं.

मी टाकलंय, म्हटलं. एवढंच.

भावजी केरबामामांच्या पाया पडले. मामांना अजून कळलेलं नाही, त्यांनी काय केलं.

आज सकाळी मामांनी आण्णांना सगळं सांगितलं, ताटं कशी लख्ख होती तेसुद्धा. मी भांडायच्या तयारीनं कंबर कसून उभी. आण्णा म्हणाले, "बोललोय ते बोललोय. उद्यापासनं मीठ तुझं." आणि डबा माझ्यापुढं सरकवला. एवढ्या सहज! सतरा वर्षं वाट बघितली आणि दोन वाक्यांत मिळालं. आनंद झाला, पण जरा पोकळ. निदान कुरकुर तरी करायची.

दुपारी एक चमत्कारिक प्रकार. मी पाणी भरून मागच्या दारानं आत आले, आण्णांची पाठ माझ्याकडं. फळीवरची ती पहिली बाटली — फडक्याच्या बोळ्याची, पाच तारखेची, गॅसच्या धगीत शिजलेली — त्यातली वाटीभर ओतून घेतली आणि प्यायले. कालचीच समजले असणार. मामांना म्हणाले, "ब्येस हाय. पोरीनं नाव काढलं." मागून मी वास घेतला तर नाकात झिणझिण्या आल्या. शुद्ध व्हिनेगर! मामांनी एक थेंब चाखला आणि खिडकीतून थुंकले. आण्णा हसत हसत आपल्या खोलीत गेले.

मुद्दाम मला खिजवायला प्यायले असतील. हट्टी आहेत.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभी केली. खानावळ बंद, घरी पुरणपोळी. कडुलिंब वाटला होता. त्यात गूळ कालवायच्या आधीच आण्णांनी बोटभर उचलला आणि तोंडात टाकला. नुसता कडुलिंब. शांतपणे चघळत राहिले, कपाळावर एक आठी नाही. आणि माझ्या तोंडाकडं बघत होते — तसंच, टक लावून.

व्हिनेगर. करपलेलं दूध. मी आजऱ्याला गेले तो शुक्रवार. मोठा ताप.

त्यांना चव लागत नाही. वर्षभर लागत नाही. परीक्षा कसली! माझं तोंड बघून मीठ टाकत होते.

कडुलिंब मी तोंडात टाकला आणि जमेल तेवढं तोंड वाकडं केलं.

"लई कडू हाय यंदा," आण्णा म्हणाले.

व्हय, म्हटलं. कटाची आमटी उकळत होती. मिठाचा डबा परत त्यांच्या हातात दिला, थेंब तळहातावर घेतला, चाखला, आणि त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिले.